हॅरी कॉक्स बेसूर होता म्हणे! (इंग्रज लोकगायकांवरील एका शेऱ्याला उत्तर)

माधुकरी

गेल्या आठवड्यात ‘सध्या काय ऐकत आहात’ या धाग्यावर मी वॉल्टर पार्डन या इंग्रज लोकगायकाचे एक ध्वनिमुद्रण सुचवले होते. त्यावर गोमाजी यांनी असा अभिप्राय दिला की इंग्लंडच्या खेड्यांतले हे म्हातारे गायक म्हणजे संग्रहालयातला माल आहे. हॅरी कॉक्स काय आणि पार्डन काय, आवाज फाटके, सूर डळमळीत आणि गाण्याची पद्धत कंटाळवाणी. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या रॉक गटाने १९६९ मध्ये या गाण्यांना विजेच्या गिटारी आणि ड्रम जोडले नसते, तर ती कोणी ऐकलीही नसती. आणि आज जे कोणी ती मूळ गायकांच्या तोंडून ऐकतात, ते गाण्यासाठी नव्हे, तर आपण ती ऐकतो हे चारचौघांत सांगता यावे म्हणून ऐकतात. शेवटचे वाक्य कोणाला उद्देशून होते हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तेथे दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा.

प्रथम आवाजाविषयी. जोसेफ टेलर हा लिंकनशरमधील सॅक्स्बी ऑल सेंट्स या गावचा, एका जमीनदाराकडे कारभार पाहणारा माणूस. पर्सी ग्रेंजर या संगीतकाराने १९०६ मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर त्याचे गाणे टिपले तेव्हा टेलरने सत्तरी ओलांडली होती, आणि १९०८ मध्ये लंडनला जाऊन ग्रामोफोन कंपनीसाठी तो गायला तेव्हा तो पंच्याहत्तरीचा होता. खरखर विसरून ते ऐकावे. वरच्या सुरांवर जाताना त्या आवाजाला कोठेही ओढाताण होत नाही, आणि बारीक हरकती अशा सहज येतात की त्या मुद्दाम घेतल्या आहेत असे वाटतच नाही. टेलर प्रत्येक कडव्यात चाल किंचित बदलत असे, म्हणून ग्रेंजरने कडव्यागणिक वेगळे स्वरलेखन केले. संगीतकार डीलियसने १९०७ मध्ये ‘ब्रिग फेअर’ ही वाद्यवृंदाची रचना ज्या चालीवर बांधली, ती चालही टेलरकडूनच आलेली आहे. हा फाटका आवाज असेल, तर धड आवाज कोणता, हे गोमाजींनी एकदा सांगावे.

परंतु माझा मुख्य मुद्दा आवाजाचा नाही. हॅरी कॉक्स (१८८५–१९७१) नॉर्फोकमधला शेतमजूर होता, सॅम लार्नर (१८७८–१९६५) त्याच परगण्यातील विंटर्टनचा हेरिंग पकडणारा कोळी होता, आणि पार्डन (१९१४–१९९६) नॅप्टन गावचा सुतार होता. तिघेही साथीशिवाय गातात. गाण्यात खून होतो, जहाज बुडते, चोरून शिकार करणाऱ्या पोरांना साखळदंड घालून टास्मानियाला पाठवले जाते, आणि गाणारा माणूस आवाज चढवत नाही, गहिवरत नाही, शेवटच्या कडव्यासाठी लय संथ करत नाही. तो गाण्याच्या वाटेतून बाजूला होतो. भावगीतावर पोसलेल्या आपल्या कानांना हा कोरडेपणा वाटतो, कारण गायकाने आपल्या वतीने रडावे अशी आपली सवय आहे. येथे रडायचे की नाही, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे जुनी होत नाहीत. १९७० च्या सुमाराची कितीतरी ‘आधुनिक’ लोकगीत-रूपे आज त्यांच्या ड्रमच्या आवाजावरूनच कोणत्या वर्षीची ते ओळखू येतात. फीबी स्मिथ या लोकगायिकेच्या संथ, भारदस्त गाण्यावर मात्र कोणत्याच दशकाचा शिक्का मारता येत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे, परंतु एखादे गाणे पूर्ण ऐकून लिहावे, एवढीच अपेक्षा आहे.

गोमाजी

माझ्या चार ओळींवर एवढा प्रबंध! धन्य वाटले. आता माझेही ऐका.

टेलरचे उदाहरण आपण फार विचारपूर्वक निवडले आहे, कारण त्याने आपला मुद्दा सिद्ध होत नाही, माझा होतो. १९०५ मध्ये ब्रिगच्या संगीत महोत्सवात लोकगीतांची स्पर्धा ठेवण्यात आली आणि तीत टेलरला पहिले बक्षीस मिळाले. हा माणूस अनेक वर्षे चर्चच्या गायकवृंदात गात होता. म्हणजे दिवाणखान्यातल्या सुशिक्षितांच्या कसोटीलाही तो उत्तम गायक ठरला होता. तेव्हा तो आवडतो याचे कारण तो ‘गाण्याच्या वाटेतून बाजूला होतो’ हे नसून त्याचा गळा चांगला होता, एवढेच आहे. गळा चांगला नसलेल्या कॉक्सला हाच न्याय लावून पाहा, म्हणजे आपली सगळी उपपत्ती कोसळते.

दुसरे असे की आपण ज्याला खेड्यातली परंपरा म्हणता, तिचा मोठा भाग लंडनच्या सेव्हन डायल्समध्ये कॅटनाच आणि पिट्स यांच्यासारख्या छापखानदारांनी एका पेनीला विकलेल्या गाण्याच्या कागदांतून आलेला आहे. शहरातल्या भाडोत्री कवींनी रचलेली, बाजारात विकलेली गाणी शेतमजुरांनी पाठ केली, आणि मग वाड्यांतून आलेल्या संग्राहकांना ती मातीतून उगवल्यासारखी वाटली. नंतर टॉपिक रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण कंपनी आली. तिचा जन्म १९३९ मध्ये कामगार संगीत संघटनेच्या पोटी झाला. यूअन मॅककॉल आणि ए. एल. लॉइड या लोकगीतवेड्या कम्युनिस्टांना श्रमिकांचा अस्सल आवाज हवा होता, तो त्यांनी शोधून काढला. जे गायक आपल्याला कालातीत वाटतात, त्यांना कालातीत ठरवणारी एक यंत्रणा होती, आणि आपण तिचे निष्ठावान ग्राहक आहात.

मी स्वतः उत्तर इंग्लंडमधील एका शहरात काही काळ नोकरीला होतो. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून सपत्नीक एका फोक क्लबात गेलो होतो. तेथे एका दाढीवाल्या गृहस्थांनी कानावर हात ठेवून, डोळे मिटून एक गाणे सुरू केले. त्या गाण्यात एक सरदार, त्याची बायको, तिचा प्रियकर आणि एक चुगलखोर नोकर होता. सगळे मरेपर्यंत आम्हाला उठता आले नाही. घरी परतताना सौभाग्यवतींनी जे ऐकवले, ते त्या गाण्याहून लांब होते.

उत्तरसमुद्र

गोमाजी, क्लबातला तो दाढीवाला मूळ परंपरेतला गायक नव्हता, तो पुनरुज्जीवनवाला होता, म्हणजे जुनी गाणी क्लबांतून नव्याने गाऊ लागलेल्या चळवळीतला. हॅरी कॉक्सचा सूड आपण त्याच्या नातवाच्या पिढीतल्या एखाद्या हौशी शिक्षकावर उगवत आहात. कानावर हात ठेवण्याची ती लकबही अशा क्लबांतून मॅककॉलमुळे रुळली.

मी गेली काही वर्षे नॉर्विचजवळ राहतो. किनाऱ्याकडच्या एका पबमध्ये अधूनमधून गाण्याची बैठक होते. मंच नसतो, ध्वनिक्षेपक नसतो, ज्याला गायचे तो बसल्या जागेवरून गातो. एकदा ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी एक लांबलचक गाणे म्हटले. गाता गाता त्या समोरच्या पेल्याकडे पाहत होत्या. मधल्या एका कडव्यात त्या शब्द विसरल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या एका शेतकऱ्याने हळूच तो पुरवला आणि गाणे न तुटता पुढे गेले. धृपदाला सगळी खोली सामील झाली. माधुकरी म्हणतात तो अलिप्तपणा मला तेथे उमगला. समोर बसलेल्या सगळ्यांना ती गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे गायकाला अभिनय करण्याची गरजच उरत नाही.

आणि छापील कागदांचा मुद्दा आता शिळा झाला. लोकगीतांचे अभ्यासक स्टीव्ह राउड यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला आहे. गाणे कोठे जन्मले यापेक्षा ते सामान्य माणसांनी कसे गायले आणि पुढे कसे दिले, यावरून त्याचे लोकगीतपण ठरते. ‘बार्बरा ॲलन’ हे गाणे रोजनिशीकार पेपिसने १६६६ च्या जानेवारीत एका नटीच्या तोंडून ऐकले, ते छापलेही गेले, आणि तरी सुमारे तीन शतकांनंतर इंग्लंडच्या खेडोपाडी त्याच्या वेगवेगळ्या चाली सापडतच होत्या. छापखानदाराने शब्द विकले. चाली कोणी विकल्या?

टिपणवही

सुंदर चर्चा चालू आहे, परंतु या सगळ्यात जे खरे बोलायचे ते कोणीच बोलत नाही. या गायकांचे ‘चिरंतन आकर्षण’ आपण कौतुकाने चघळतो, आणि त्यांची नावे पुसून टाकणाऱ्या लोकांना मात्र महर्षी म्हणतो.

माझे शिक्षण पुण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत झाले. सकाळच्या प्रार्थनेत आम्ही एक इंग्रजी स्तोत्र म्हणत असू. शब्द बन्यनच्या यात्रेकरूचे, आणि चाल अशी की पेटीवर वाजू लागली की मागच्या बाकावरची टवाळ मुलेही ताठ उभी राहत. स्तोत्रांच्या पुस्तकात चालीचे नाव ‘मंक्स गेट’ असे छापलेले होते. ते कोणा मठाचे नाव असावे, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. पुढे कळले की ते ससेक्समधील हॉर्शमजवळच्या एका वस्तीचे नाव आहे. १९०४ मध्ये संगीतकार वॉन विल्यम्सने तेथे हॅरिएट व्हेरल नावाच्या बाईकडून एक गाणे टिपून घेतले आणि १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये तिची चाल त्या स्तोत्राला दिली. चालीला वस्तीचे नाव मिळाले, बाईचे मिळाले नाही. तसेच ‘फॉरेस्ट ग्रीन’चे. सरे परगण्यात गार्मन नावाच्या म्हाताऱ्याकडून घेतलेली चाल आज जगभर नाताळात गातात आणि तिला नाव आहे ते गावाचे. संगीतकार म्हणून वॉन विल्यम्स अमर झाला. मंक्स गेटची बाई कोठे आहे?

लोकगीतांचा प्रसिद्ध संग्राहक सेसिल शार्प याचीही गोष्ट तीच. १९०३ मध्ये सॉमरसेटच्या हॅम्ब्रिज गावात पाद्र्याच्या बागेत काम करणारा जॉन इंग्लंड गात होता, ते ऐकून शार्पला आयुष्याचे ध्येय सापडले. आज लंडनमध्ये १९३० पासून दिमाखात उभी असलेली इमारत सेसिल शार्पच्या नावाची आहे, जॉन इंग्लंडच्या नावाची नाही. शिवाय शार्पने गाण्यांतले शृंगारिक शब्द गाळून ती शाळांना शोभतील अशी केली. ज्यांची गाणी, त्यांनाच त्यांचे शब्द नकोसे ठरवले.

विदुला

टिपणवही, आपला संताप समजतो, परंतु शार्पच्या बाबतीत तो चुकीच्या पत्त्यावर गेला आहे. शार्पच्या हस्तलिखित वह्यांत गायकाचे नाव, गाव आणि तारीख काळजीपूर्वक नोंदलेली असते, आणि छापताना सौम्य केलेले शब्द त्याच वह्यांत जसेच्या तसे राहिले आहेत. त्याने अनेक गायकांची छायाचित्रेही काढली. हॅम्ब्रिजच्या लूसी व्हाइट आणि लुई हूपर या कष्टकरी बहिणी आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, त्या त्याच्यामुळेच. व्हिक्टोरियन संस्कारांतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशात शाळेच्या पुस्तकात ते शब्द छापून आले असते, तर ती पुस्तके जाळली गेली असती. दोष द्यायचाच असेल तर लॉइडला द्यावा. त्याने गाण्यांत स्वतःची कडवी घातली, चाली जुळवल्या आणि काय बदलले ते बहुतेक वेळा सांगितलेच नाही. १९५९ मध्ये पेंग्विनने काढलेले, त्याने वॉन विल्यम्ससह संपादित केलेले लोकगीतांचे पुस्तक घेऊन एक पिढी गायला शिकली. त्यातही निरनिराळ्या गायकांचे पाठ जोडून एक केलेले आहेत.

टिपणवही

छायाचित्रे काढली म्हणजे उपकार केले काय? वन्यप्राण्यांचीही काढतात. लूसी व्हाइटला त्या पुस्तकांच्या उत्पन्नातले काय मिळाले, ते सांगा. आपण सुशिक्षित मंडळी सुशिक्षितांची बाजू इतक्या तत्परतेने कशी घेतो, हे मला नेहमीच नवल वाटते.

विदुला

वन्यप्राणी हा शब्द आपण वापरला आहे, मी नाही. मी एक साधी नोंद दुरुस्त केली, त्यावर आपण माझी जातकुळी काढलीत. आपल्याला माहिती नको असेल, तर प्रश्नचिन्हे वापरू नयेत.

तिरकस

भांडण रंगात आले आहे, तेव्हा मीही एक काडी टाकतो. ‘स्कारबरो फेअर’ हे लोकगीत अमेरिकन गायक पॉल सायमनचे आहे असे मानणारे निम्मे जग आहे. थोडे जाणते लोक म्हणतात की त्याने ती मांडणी मार्टिन कार्थी या इंग्रज गायकाकडून उचलली आणि श्रेय दिले नाही. कार्थीवरच्या अन्यायाबद्दल मैफलींतून अश्रू ढाळले गेले. परंतु कार्थीला ते मिळाले मॅककॉल आणि पेगी सीगर यांच्या पुस्तकातून, आणि मॅककॉलने ते मिडलटन-इन-टीसडेल येथील मार्क अँडरसन या शिशाच्या खाणीतल्या निवृत्त कामगाराकडून १९४७ मध्ये घेतल्याची नोंद केली होती. कार्थीसाठी रडणाऱ्यांपैकी किती जणांनी अँडरसनचे नाव ऐकले आहे? टिपणवहींचा मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे; फक्त त्यांचा सूर असा आहे की मान्य करण्याची इच्छा मरते.

आणखी एक. मॅककॉलच्या क्लबात असा दंडक होता की गायकाने आपल्याच संस्कृतीतली गाणी म्हणावीत. हा नियम करणारा माणूस सॅलफर्डमध्ये जिमी मिलर म्हणून जन्मला आणि आयुष्यभर स्कॉटिश बॅलड गात राहिला. आईवडील स्कॉटिश होते हे खरे, तेव्हा पळवाट होतीच म्हणा.

माधुकरी

मी धागा काढला होता गायकांवर, आणि त्यावर ताबा मिळवला संग्राहकांनी. इतिहासात जे झाले तेच येथेही झाले!

टिपणवहींना एकच सांगते. सगळेच संग्राहक एका माळेचे मणी नव्हते. ग्रेंजरने ध्वनिमुद्रण करायला घेतले ते याचसाठी की गाणाऱ्या माणसाचे स्वतःचे वळण कागदावर पूर्ण उतरत नाही. शार्पला हे यंत्र फारसे पसंत नव्हते. त्याला गाणे हवे होते, ग्रेंजरला गाणारा हवा होता. १९३७ मध्ये ग्रेंजरने ‘लिंकनशर पोझी’ ही वाद्यरचना केली, ती त्या गायकांनाच अर्पण केली, आणि तिचा प्रत्येक भाग एकेका गायकाच्या गाण्याच्या ढंगाचे चित्र म्हणून रचला. दुसरे टोक पाहायचे असेल तर आल्फ्रेड विल्यम्स पाहा. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात घणाखाली काम करणारा हा मनुष्य थेम्सच्या वरच्या खोऱ्यात सायकलीवरून हिंडून गाणी जमवत होता. तो स्वतः कामगार होता, वाड्यातला नव्हता. त्याने फक्त शब्द लिहिले, चाली लिहिल्याच नाहीत. (पहिल्या महायुद्धात तो सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, परतल्यावर संस्कृत शिकला आणि त्याने पंचतंत्राच्या कथा इंग्रजीत आणल्या, हे येथील संस्कृतप्रेमींसाठी.) तेव्हा कामगाराने संग्रह केला म्हणजे गायकाला आपोआप न्याय मिळतो, असेही नाही. न्याय मिळतो तो आवाज शिल्लक राहिल्यावर. व्हेरलबाईंचे दुःख हेच आहे की त्यांचा आवाज आपल्याकडे नाही, आणि टेलरचा आहे.

येथून मी गोमाजींच्या प्रश्नाकडे येते. टेलरचा गळा चांगला होता म्हणून तो आवडतो, हे मान्य केले तरी पार्डनचे काय? त्याचा गळा मध्यम होता. मामा बिली गी याच्याकडून त्याने गाणी घेतली, १९४० च्या दशकात वहीत उतरवून ठेवली, आणि घरातली वडीलधारी मंडळी गेल्यावर ऐकायला कोणी नव्हते तेव्हा मेलोडियन या छोट्या हातपेटीवर चाली वाजवून त्या विसरू दिल्या नाहीत. १९७० च्या दशकात एका नातलगाच्या आग्रहाने ध्वनिफीत भरली, ती पीटर बेलामी या गायकापर्यंत पोहोचली, १९७५ मध्ये पहिली तबकडी आली आणि पुढच्याच वर्षी हा सुतार अमेरिकेत गाऊन आला. कोणती यंत्रणा कामाला लागली होती? ती फीत येईपर्यंत त्याचे नाव कोणाच्या यादीत नव्हते.

गोमाजी

अमेरिकेत नेणे हे यंत्रणेचे काम नाही, तर काय साक्षात्काराचे आहे?

बरे, आपली उपपत्ती अशी की एकट्याने, साथीशिवाय, अलिप्तपणे गाणे ही या गायकांची मोहिनी आहे. मग रॉटिंगडीनच्या कॉपर कुटुंबाचे काय करायचे? ते एकट्याने गात नाहीत, दोन आवाजांत मिळून गातात, छाती भरून गातात, आणि इंग्रज लोकगायक म्हटले की सर्वांत आधी लोकांना तेच आठवतात. केट ली या संग्राहक बाईंनी १८९८ मध्ये त्यांना एका बड्या वकिलाच्या बंगल्यावर बोलावून, व्हिस्की पाजून गाणी घेतली. १९५० मध्ये त्यांनी स्वतःच बीबीसीला कळवले की अशी गाणी आमच्याही घरी आहेत. त्याच घरातल्या बॉब कॉपरला १९७१ च्या पुस्तकामुळे आणखी कीर्ती मिळाली. तेथे जे आकर्षण आहे ते घराचे आहे, सुगीचे, मेंढरांचे, आजोबांच्या गाण्याच्या वहीचे. थोडक्यात, हरवलेल्या गावाचा उमाळा. आपण अलिप्तता म्हणता, मी त्याला स्मरणरंजन म्हणतो. लंडनमध्ये कचेरीत बसणाऱ्या माणसाला नांगरटीचे गाणे का आवडते, याला याहून गूढ कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

विदुला

स्मरणरंजनाने एक पिढी निघते, फार तर दोन. शेफील्डच्या पश्चिमेकडील खेड्यांत, डंगवर्थ, वॉरल, स्टॅनिंग्टन या बाजूला, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत पबांतून तेथलीच स्थानिक नाताळगीते गातात. त्यांत एकाच प्रसिद्ध गीताच्या निरनिराळ्या चाली आहेत. ती चर्चमधून पूर्वी बाहेर घालवली गेली म्हणून पबमध्ये आली. तेथे गर्दी इतकी होते की दाराबाहेर उभे राहून गावे लागते, आणि त्या गर्दीत विशीतले लोक असतात. त्यांना कोणते गाव हरवल्याचे दुःख आहे?

आणि ‘फाटका आवाज’ हा आक्षेप शर्ली कॉलिन्स या इंग्रज गायिकेने कायमचा निकालात काढला आहे. तरुणपणी तिचा आवाज अगदी निर्मळ होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो गेला. संसार मोडला आणि गाणेच थांबले. तीनेक दशकांहून अधिक काळानंतर, २०१६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी तिने ‘लोडस्टार’ काढला. आवाज खाली उतरलेला, जाड, थोडा थरथरता. तरीही पुष्कळ ऐकणाऱ्यांना, आणि मलाही, तो तिच्या जुन्या तबकड्यांहून जवळचा वाटतो. गोड गळा हीच मोहिनी असती, तर हे घडले नसते.

तिरकस

विदुलाताई, शर्ली कॉलिन्स ही मूळ परंपरेतली की पुनरुज्जीवनातली, यावर आता आणखी शंभर प्रतिसाद येतील. हेस्टिंग्जला आजीआजोबांकडून गाणी ऐकली म्हणून परंपरेतली. अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्सबरोबर १९५९ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रणे करत हिंडली म्हणून पुनरुज्जीवनातली. दोन्ही बाजूंनी लढायला दारूगोळा भरपूर आहे.

मला मात्र एक वेगळाच धोका दिसतो. ‘अस्सल इंग्रज’ या कल्पनेवर इतरही लोक टपून असतात. ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाने आपल्या लोकांना लोकगीतांच्या कार्यक्रमांत शिरण्याचा सल्ला दिला, तेव्हा कलावंतांना ‘फोक अगेन्स्ट फॅसिझम’ नावाची चळवळ उभारावी लागली. हरवलेल्या गावाचा उमाळा कधी कधी अशा वळणाने जातो.

उत्तरसमुद्र

त्याचे उत्तर त्या गायकांच्या यादीतच आहे. फीबी स्मिथ आणि मेरी ॲन हेन्स या जिप्सी होत्या. विसाव्या शतकात टिपलेल्या सर्वोत्तम इंग्रजी गाण्यांतून जिप्सी आणि भटक्यांचे गाणे वगळले, तर हाती फार थोडे उरेल. टॉपिकने १९९८ मध्ये ‘द व्हॉइस ऑफ द पीपल’ या नावाने वीस तबकड्यांची माला काढली, ती चाळली तरी हे लक्षात येते. ज्या लोकांना गावाच्या वेशीवरून हाकलले जात होते, त्यांनीच गावाची गाणी सांभाळली. राष्ट्रवाद्यांनी खुशाल ऐकावे आणि पचवून दाखवावे.

सॅम लार्नरबद्दलही एक राहिले. १९६० मध्ये बीबीसीने ‘सिंगिंग द फिशिंग’ हा कार्यक्रम केला, त्यात मॅककॉल, सीगर आणि चार्ल्स पार्कर यांनी लार्नरच्या बोलण्यावरून नवी गाणी रचली. त्यातले हेरिंगच्या थव्यांवरचे गाणे आज अनेक जण पारंपरिक समजून गातात. तरी ते लार्नरच्या स्वतःच्या गाण्याशेजारी ठेवून ऐका. मॅककॉलचा कोळी आपल्याला समुद्र दाखवतो, प्रत्येक ओळीत दाखवतो. लार्नर गाता गाता हसतो, मध्येच काहीतरी बोलतो आणि पुढे गातो. समुद्र दाखवण्याची त्याला काही निकड नाही, तो तेथूनच आलेला आहे. माधुकरींना एक सुधारणा सुचवतो. लार्नर अलिप्त मुळीच नाही, तो चांगलाच खट्याळ आहे. पार्डनला लावलेले माप त्याला लावू नका.

माधुकरी

लार्नरचे हसणे मला ठाऊक आहे. तो गोष्टीवर हसतो, आपण गात आहोत याचे कौतुक करून घेत नाही. मी म्हणते ते बाजूला होणे हेच. खट्याळ माणूसही बाजूला होऊ शकतो. कॉपर मंडळींबाबत गोमाजींनी मला पेचात पकडले असे त्यांना वाटत असेल, तर वाटू द्यावे. दोन आवाज एकमेकांत मिसळतात तेव्हा कोणाचाच आवाज पुढे येत नाही. बॉब कॉपर गेल्यानंतरही त्यांची मुले, नातवंडे तीच गाणी त्याच दोन आवाजांत गात आहेत, आणि कोणालाही एकट्याने पुढे येण्याची हौस नाही. उमाळा असेलही, थोडा. गोमाजींच्या समाधानासाठी एक चमचाभर मान्य.

हॅरी कॉक्सचे मात्र कोणीच बोलले नाही, आणि मूळ शेरा त्याच्यावर होता. कॉक्सच्या चाली ऐका. सातव्या सुराचा कोमलपणा तो कोठे ठेवतो आणि कोठे किंचित वर नेतो, ते एकाच गाण्यात बदलत जाते. पियानोच्या पट्ट्यांवर बसवलेल्या कानाला ते ‘डळमळीत’ वाटते. आपल्याकडच्या कानांना तरी तसे वाटू नये. ए. एच. फॉक्स-स्ट्रँगवेज या इंग्रज अभ्यासकाने १९१४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावर ग्रंथ लिहिला आणि १९३३ मध्ये सेसिल शार्पचे चरित्रही त्यानेच लिहिले. एकाच माणसाला या दोन्ही गोष्टींची ओढ वाटावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

गोमाजी

काल रात्री, सौभाग्यवती झोपल्यावर, कॉक्स ऐकला. पूर्ण ऐकला, अट होती म्हणून. तो कोमल सातवा मला सापडला. तो जाणूनबुजून लावलेला आहे, की वयोमानाने लागलेला आहे, हे आपण ठामपणे सांगता, मी सांगणार नाही. त्यानंतर टेलर ऐकला आणि लागोपाठ पुन्हा ऐकला. टेलर मान्य. पार्डन नावडता नाही, परंतु त्याचे एखादे गाणे निम्म्यावर थांबले असते तरी माझी तक्रार नसती. कॉक्सवर माझा शेरा कायम आहे, ‘बेसूर’ हा शब्द तेवढा ‘हट्टी’ असा वाचावा.

टिपणवही यांना विनंती की शार्पवर नवा धागा काढावा. तेथे मी त्यांच्या बाजूने येईन, विदुलाताईंशी भांडण्याची अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

टिपणवही

नवा धागा काढतो. शीर्षकात हॅरिएट व्हेरल असेल, शार्प नसेल.